डॉन देत: मेकाँगच्या पोटातलं बेट

गुरुवार, १० एप्रिल

निफाडची द्राक्षबाग छाटून पाटील दुपारी द्वारका चौकात हजर झाला, तेव्हा त्याच्या नखांत बोर्डो औषधाची निळी रेघ तशीच होती. खरड छाटणी झाल्याशिवाय त्याला हलता येत नव्हतं, म्हणून आमची सहल ऐन एप्रिलात. डॉक्टरने तिच्या दातांच्या दवाखान्याला दहा दिवस कुलूप लावलं. मास्तर येवल्याचा, शाळेत भूगोल शिकवतो. त्याची रजा मंजूर झाली पण आई रुसली. "चौदा एप्रिलला तू घरात नसशील?" जन्मल्यापासून एकही भीमजयंती त्याने घराबाहेर घालवलेली नव्हती. "तिकडेही बुद्धच आहे गं आई," एवढंच म्हणून तो निघाला.

चौघं कॉलेजपासूनचे. सोमेश्वरच्या धबधब्यापाशी कणसं खाताना ठरवलं होतं की एकदा तरी नदीच्या मधोमध राहायचं. काठावर आपण जन्मभर राहिलो, आता पोटात जाऊ. मास्तरनेच नकाशावर बोट ठेवलं: लाओस देशाचं दक्षिण टोक, जिथे मेकाँग नदी फुटून शेकडो बेटं होतात. सी फान डॉन. सी म्हणजे चार, फान म्हणजे हजार, डॉन म्हणजे बेट.

कसारा घाट, मुंबई, मध्यरात्रीचं विमान.

शुक्रवार, ११ एप्रिल

बँकॉक. स्टेशनवर अख्खा देश गावी निघालेला. सोंगक्रानची गर्दी, म्हणजे त्यांचं नवं वर्ष. तिकिटं महिनाभर आधी काढली होती म्हणून बर्थ मिळाले. सोंगक्रान हा शब्द म्हणजे आपली संक्रांतच. आपण सूर्य मकरेत गेला की तिळगूळ वाटतो, हे लोक तो मेषेत गेला की एकमेकांवर पाणी टाकतात. रात्रभर ५७५ किलोमीटर रेल्वे. पाटील वरच्या बर्थवर घोरत होता.

शनिवार, १२ एप्रिल

उबोन रात्चथानी, तिथून चाँग मेकची सीमा, एका भुयारी वाटेतून चालत लाओस. अर्ज भरला, फोटो चिकटवला, डॉलर मोजले, शिक्का बसला. पलीकडे पैसे बदलले आणि हातात किपची गड्डी आली. एका रुपयाला अडीचशेच्या आसपास किप, त्यामुळे साध्या चहाचा हिशेबही हजारांत.

संध्याकाळी पाक्से गावात मेकाँग पहिल्यांदा पाहिली. चैत्री पौर्णिमा होती. एप्रिल म्हणजे पाणी उतरलेलं, तरी पलीकडच्या काठावरचा माणूस दिसेना. आम्ही नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाही. "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो, घाटाला गंगाघाट म्हणतो. मास्तरने सांगितलं की शेजारी थायलंडात पाण्याच्या देवीला खोंगखा म्हणतात, म्हणजे गंगाच. कार्तिकातल्या पौर्णिमेला केळीच्या द्रोणात दिवे लावून तिच्यावर सोडतात. रामकुंडावर आजीच्या हाताला धरून सोडलेले दिवे मला आठवले. गंगा एक आणि तिची नावं घेणारी गावं किती. काठावर बसून आम्ही कोंडाजीचा चिवडा संपवला आणि बराच वेळ कुणी उठलंच नाही.

रविवार, १३ एप्रिल

बेटावर जाण्याआधी एक दिवस मेकाँगकाठच्या चंपासाक गावासाठी राखून ठेवला होता. या सहलीतला सगळ्यात मोठा ठेवा मला तिथेच मिळाला.

चंपासाकजवळ फू काओ नावाचा डोंगर आहे, १,४१६ मीटर उंच. त्याच्या माथ्यावर निसर्गतःच एक सुळका उभा आहे, लिंगासारखा. ख्मेर राजांच्या, म्हणजे कंबोडियाच्या जुन्या राजांच्या काळी या डोंगराचं नाव होतं लिंगपर्वत. त्याच्या कुशीत वात फू हे शंकराचं देऊळ. आज दिसतं ते बांधकाम बरंचसं अकराव्या-बाराव्या शतकातलं, पण जागेचं पावित्र्य त्याहून जुनं. पाचव्या शतकात देवानीक नावाच्या राजाने इथे संस्कृतात शिलालेख कोरून घेतला आणि महातीर्थ स्थापलं. नाव ठेवलं कुरुक्षेत्र. २००१ पासून ही जागा युनेस्कोच्या यादीत आहे.

सकाळी आठला चढायला लागलो. पायथ्याशी दोन मोठे तलाव, मधून दगडी खांबांच्या रांगेतला सरळ रस्ता, मग पायऱ्या. ब्रह्मगिरी चढलेल्याला या पायऱ्या ओळखीच्या वाटतील: उंच, तिरक्या, कुठे अर्धं पाऊल मावेल एवढ्याच. दोन्ही बाजूंनी चाफा. एप्रिलमध्ये पान एकही नाही, नुसत्या गाठाळ फांद्या आणि टोकाला पांढऱ्या फुलांचे झुबके, मधे पिवळा रंग. खाली पडलेली फुलं पायऱ्यांच्या खाचांत साचली होती. डॉक्टरने एक उचलून कानामागे खोचलं. फुलं विकणाऱ्या बाईने ते बघून म्हटलं, "डोक चंपा." चंपा! हे लाओसचं राष्ट्रफूल. झाड मुळात अमेरिकेतून आलेलं, नाव मात्र आपल्या चंपकाचं.

वर गाभारा आहे. दाराच्या पट्टीवर तीन तोंडांच्या ऐरावतावर बसलेला इंद्र, दुसरीकडे गरुडावर विष्णू, आणखी एकीकडे कृष्ण कंसाला फाडतोय. आत आता बुद्धमूर्ती आहे, समोर उदबत्त्या आणि झेंडूचे मनोरे. गाभाऱ्यामागे गेलो तर खडकात कोरलेले ब्रह्मा, विष्णू, महेश. मी तिथेच बसले. आमच्या त्र्यंबकला पिंडीत उंचवटा नाही, खोलगट जागेत अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, याच तिघांची. लहानपणापासून आरशातून त्यांचं दर्शन घेतलंय.

आणि झरा. मागच्या कड्यातून थेंब थेंब पाणी येतं. पूर्वी ते दगडी पन्हाळीतून थेट गाभाऱ्यात नेलेलं होतं, म्हणजे लिंगावर अहोरात्र अभिषेक. अभिषेकपात्राच्या ऐवजी डोंगरच. ब्रह्मगिरीवर उगम, खाली कुशावर्त, मग गंगा. तीच रचना इथल्या माणसांनी मेकाँगकाठी शोधून काढली होती. एक म्हातारे गृहस्थ बाटली भरून घेत होते. त्यांनी आम्हाला जागा करून दिली, हाताने खूण केली की डोक्याला लावा. पाटलाने ओंजळ भरून डोळ्यांना लावली आणि म्हणाला, "भो, घरी आल्यासारखं वाटतंय." मला दुसरा शब्द सुचला नाही.

सोमवार, १४ एप्रिल

आज लाओसचं नवं वर्ष सुरू. पी माई. पहिल्या दिवसाला संखान लुआंग म्हणतात, त्यातही संक्रांत आहेच. नाकासांगकडे जाताना प्रत्येक गावात पोरं बादल्या घेऊन उभी होती आणि आमची गाडी मागून उघडी, बाकड्यांची. पहिल्या गावातच चिंब झालो. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारलेल्या माणसाला याचं भय नाही. पाटील तर पुढच्या गावाची वाट बघायला लागला.

नाकासांगच्या धक्क्यावरून लांब निमुळती होडी. वीसेक मिनिटं झाडाझुडपांच्या बेटुकल्यांमधून. पाणी हिरवट, संथ, मधेच भोवरा. डॉन देतवर उतरलो तेव्हा दुपारचे दोन, आणि वारा पूर्ण पडलेला. अंगावर कुणीतरी गरम गोधडी टाकावी तशी हवा. बेटावर गाड्यांची वर्दळ नाही, काठाने जाणारी मातीची वाट आणि तिच्या कडेला लाकडी खोल्या. आमची खोली नदीवर झुकलेली: मच्छरदाणी, पंखा, व्हरांड्यात दोन झोपाळे. घरमालकीण पन्नाशीची. तिची मुलगी थोडं इंग्रजी बोले, म्हणून आमचं जमलं. आम्ही तिला मावशी म्हणायला लागलो आणि दुसऱ्या दिवसापासून ती त्या हाकेला ओ देऊ लागली.

ऊन कलल्यावर मास्तर म्हणाला, देऊळ शोधू. सायकली घेतल्या, फ्रेंचांनी बांधलेल्या जुन्या रेल्वेपुलावरून शेजारच्या डॉन खोन बेटावर गेलो. वात खोन ताई हा विहार जुन्या ख्मेर देवळाच्या जागेवर उभा आहे. मागच्या अंगणात जांभ्याचे मोठे चिरे आणि एक शिवलिंग, पुढे बुद्ध. अंगणात मुलांनी नदीच्या वाळूचे छोटे स्तूप रचले होते, वर कागदी पताका, आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यांसारखे. बायका रांगेने बुद्धमूर्तीवर फुलं घातलेलं पाणी ओतत होत्या.

मास्तरने खिशातून बाबासाहेबांचा छोटा फोटो काढला, कठड्यावर ठेवला, पाणी वाहिलं. मग मांडी घालून बसला आणि हळू आवाजात सुरू केलं: नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स. शेजारच्या आजीने चमकून बघितलं. बुद्धं सरणं गच्छामि आलं तसा तिचा आवाज त्याच्या आवाजात मिसळला. उच्चार वेगळा, ती 'पुथ्थं' म्हणत होती, पण शब्द तेच, क्रम तोच. दुसऱ्या ओळीला आणखी दोघी आल्या. दुतियम्पि, ततियम्पि, शेवटपर्यंत. पाली ना त्यांची घरातली भाषा, ना आमची. तरी त्या अंगणात तेवढा वेळ ती सगळ्यांचीच होती.

परतताना पुलावर थांबून मास्तर बराच बोलला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. त्याचे पणजोबा त्या सभेत होते असं घरात सांगतात. "माझ्या पणजोबाला आपल्याच गंगेकाठच्या देवळात जाता आलं नाही," तो म्हणाला, "आणि मला इथे कुणी नावही विचारलं नाही, सरळ पाण्याचं भांडं हातात दिलं." त्याने येवल्याला फोन लावला. आईने काय म्हटलं ते त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

पहाटे पाचला मावशीच्या स्वयंपाकघरात. लाओ माणसाचा जीव चिकट भातात आहे. तांदूळ रात्रभर भिजवलेला. सकाळी तो बांबूच्या शंकूसारख्या टोपलीत भरून उंच गळ्याच्या भांड्यावर ठेवायचा. खाली पाणी उकळतं, भात नुसत्या वाफेवर शिजतो. मधे टोपलीला एक हिसका देऊन सगळा गोळा हवेत उलटवायचा, वरचं खाली. मी तीनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा जमलं. मग लाकडी फळीवर पसरून वाफ घालवायची आणि झाकणाच्या छोट्या टोपल्यांत भरायचं. खाताना तीन बोटांनी गोळी वळायची, आणि जेओत बुडवायची. जेओ म्हणजे भाजलेल्या मिरच्या, लसूण कुटून केलेला ठेचा, दुसरं काही नाही. फक्त बहुतेक पदार्थांत पादेक असतं, आंबवलेल्या माशाचं पाणी, आणि डॉक्टर शाकाहारी. 'किन जे', म्हणजे शाकाहारी खाते, हे दोन शब्द तिने पाठ केले, मावशीने तिच्यासाठी वेगळं भांडं ठेवलं.

मग पाटील गायब. शोधलं तर खाली काठावर. पावसाळ्यात इथे मेकाँग बेटांसकट चौदा किलोमीटर रुंद होते, आणि उतरली की काठाचा उतार उघडा पडतो. त्या ओल्या गाळात बेटवाल्यांनी चवळीच्या शेंगा, कांद्याची पात, कोथिंबीर, टोमॅटो लावले होते, काटक्यांचं कुंपण करून. पाटील उकिडवा बसून माती चुरत होता. "ही तर गाळपेर! नांदूरमध्यमेश्वरला पाणी उतरलं की आमची माणसं हेच करतात." मावशी पाणी घालायला आली, दोघांनी हातवारे करत अर्धा तास कीड आणि पातीवर चर्चा केली. शब्द एकही समान नव्हता. जाताना त्याने तिच्या वाफ्याचा बांध नीट करून दिला.

दुपारी मी चूक केली. सगळे झोपाळ्यात असताना एकटीच सायकल घेऊन बेटाच्या मधल्या भागात निघाले. मधे भाताची कोरडी खाचरं, भेगाळलेली, सावली नाही. परत वळताना कानात घुंई आवाज, डोळ्यांपुढे अंधारी, घाम एकदम थांबलेला. एका म्हशीच्या गोठ्याच्या सावलीला टेकले एवढं आठवतं. तिथल्या मुलाने कुणाला तरी हाक मारली. डॉक्टर धावत आली, ओलं कापड मानेवर, काखेत. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. तासाभराने मी नीट बोलू लागले. एप्रिलमध्ये या भागात जाणार असाल तर अकरा ते चार सावली सोडू नका, तहान लागायची वाट न बघता पाणी प्या आणि घाम थांबला तर ते दुखणं आहे हे ओळखा. नाशिकच्या कोरड्या उन्हात वाढलेल्या माणसाला दमट उन्हाचा अंदाज येत नाही, मला आला नाही.

मावशी मात्र वेगळ्याच काळजीत. तिच्या म्हणण्याप्रमाणे माणसाच्या शरीरात बत्तीस ख्वान असतात, बत्तीस जीव. दचकलं, आजारी पडलं, लांबच्या प्रवासाला गेलं की एखादा भटकतो. आपणही म्हणतोच की, जीव ठिकाणावर नाही. तो ठिकाणावर आणायला बासी करतात, आणि नवं वर्ष होतंच. संध्याकाळी शेजारपाजारच्या बायका जमल्या. मधे केळीच्या पानांचा शंकू, त्यावर झेंडू आणि पांढरे सुती दोरे. एका वृद्ध गृहस्थांनी लयीत काहीतरी म्हटलं, रानावनात गेलेल्या ख्वानांना नावं घेऊन घरी बोलावलं. मग एकेकीने येऊन माझ्या मनगटावर दोरा बांधला, गाठ मारताना पुटपुटत. सतरा दोरे झाले. मावशीने शेवटचा बांधला आणि हात सोडेचना. आई गावाहून निघताना हातावर दही घालते, तो स्पर्श.

बुधवार, १६ एप्रिल

आज पहाटेच निघालो. डॉन खोनवर जुनं रेल्वेइंजिन शेडखाली गंजत उभं आहे. फ्रेंचांना मेकाँगवरून चीनपर्यंत बोटी न्यायच्या होत्या, पण इथले धबधबे आडवे आले. तेव्हा १८९३ मध्ये त्यांनी बेटावर रूळ टाकून तोफांच्या बोटी सुट्या करून ओढत नेल्या. १९१० मध्ये पूल बांधून रूळ डॉन देतपर्यंत आणले, सगळे मिळून सात किलोमीटर. लाओसची पहिली रेल्वे ती. मास्तरला आपली नाशिकची ट्राम आठवली, नाशिकरोडहून गावात येणारी, १८८९ ची. तिचा आता रूळही दिसत नाही.

पश्चिमेला ली फी धबधबा. ली म्हणजे मासे अडकवायचा बांबूचा सापळा, फी म्हणजे भूत. नदीबरोबर वाहत येणारे अतृप्त आत्मे इथे अडकतात, म्हणून स्थानिक माणूस इथे पोहत नाही. काळ्या खडकांच्या घळीत पाणी पांढरं होऊन कोसळतं आणि त्या घळीतच बांबूचे खरेखुरे सापळे बसवलेले.

दक्षिण टोकाला हांग खोन. डॉक्टर सहा महिने म्हणत होती, इरावती डॉल्फिन बघायचे. गोल डोक्याचे, चोच नसलेले. होडीवाल्याने आम्हाला समोरचा खोल डोह दाखवला, पलीकडे कंबोडिया, आणि मान हलवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये इथला शेवटचा डॉल्फिन मेला, जाळ्यात अडकून. खाली कंबोडियात क्रातीच्या बाजूला शंभराच्या आसपास उरलेत, या डोहात एकही नाही. होडीवाला म्हणाला की त्याच्या वडिलांच्या वेळी ते होडीच्या बाजूने श्वास सोडत, फुस्स असा आवाज यायचा. त्याने तो आवाज काढून दाखवला. डॉक्टर पाण्याकडे बघत राहिली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पूर्वेला हू साहाँग नावाचा फाटा आहे. बाकीच्या फाट्यांत धबधबे, हा एकच असा की मासे बारमाही वर जाऊ शकत. त्याच फाट्यावर डॉन साहाँग धरण झालं, सुरुवातीला २६० मेगावॉटचं, २०२० पासून वीज देतंय. माशांसाठी दुसरे फाटे खोदून मोकळे केलेत. होडीवाल्याच्या मते पूर्वीसारखे मोठे मासे येत नाहीत. माझ्या घरचा नळ गंगापूर धरणावर चालतो, त्यामुळे धरण नकोच असं मी तोंड वर करून म्हणणार नाही. पण आमच्या गंगेतल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं, खालचे झरे बुजले, आणि तेव्हा आम्ही गप्प बसलो. डोहातून गेलेला जीव परत बोलावायला कुठली बासी नाही. हे मला त्या होडीत बसून फार लागलं.

गुरुवार, १७ एप्रिल

खोन फाफेंग. २१ मीटर उंचीचा, पण पाण्याच्या राशीने आग्नेय आशियातला सगळ्यात मोठा धबधबा. एप्रिलात असा, तर श्रावणात कसा असेल. दुपारी झोपाळा, आंबे, पाटील आणि मावशी वाफ्यात.

शुक्रवार, १८ एप्रिल

सकाळच्या होडीने निघालो. मावशीने चौघांना केळीच्या पानात बांधलेला भात दिला. पाटलाने तिला कोथिंबिरीच्या बियांची पुडी दिली, निफाडहून सॅकच्या तळाशी आली होती. आता का आणली होती त्यालाच माहीत. होडी वळेपर्यंत ती धक्क्यावर उभी होती.

रविवार, २० एप्रिल, नाशिक

दोरे निदान तीन दिवस ठेवायचे, कापायचे नाहीत, गाठ सोडवायची. आज सकाळी सोडवले, सोळा सुटले. आई म्हणाली, गंगेत सोडून ये. मी रामकुंडापर्यंत गेले, निर्माल्याने भरलेलं पाणी बघितलं आणि परत आले. दोरे तुळशीच्या बुंध्याला बांधले. मावशीने बांधलेला सतरावा काही केल्या सुटेना. तो हातावरच आहे.